मिठाच्या मशीनवरचा हार

बायनाबाई कधी नाकाला पदर लावत नसे. सेलूच्या आमच्या लहान मुलांच्या दवाखान्यात ती चौदा वर्षं झाडलोट करत होती. पोरं ओकायची, हगायची, कुणाचं गळू फुटायचं. आया तोंड फिरवायच्या, बाप तर थेट रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पळायचे. आणि ही बाई उकिडवी बसून उघड्या नाकानं सगळं पुसून काढायची. मी एकदा तिला तोंडाला बांधायला मास्क दिला, तर तिनं तो धुतला आणि भाकरीच्या डब्याला बांधला. म्हणाली, "सिस्टर, लेकराची घाण पाण्यानं जाती. तिची कसली आलीय किळस?"

तिला नाकाला पदर लावताना मी दोनदाच पाहिलं. पहिली वेळ आठवली की माझं डोकं फिरतं. दुसरी वेळ सांगायला मला जड जाणार आहे, पण तीही सांगते.

मी राजेश्री, त्याच दवाखान्यात सिस्टर. बारा खाटा, पुढं तपासणीची खोली, मागं एवढीशी लॅब आणि वर डॉक्टरांचं घर. डॉक्टरांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, गावात त्यांना देवमाणूस म्हणतात. लोकांना काय, पेशंटच्या पाठीवर हात ठेवून कुणी 'काय म्हणतंय लेकरू' विचारलं की झाला तो देवमाणूस. मी नऊ वर्षं त्या हाताच्या मागं उभी आहे. हात मऊ आहे, एवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

बायनाबाई मूळची जिंतूर तालुक्यातल्या बोरीची. लग्न होऊन सेलूत आली. नवरा सटवाजी कापसाच्या बाजारात हमाली करायचा आणि ही जिनिंगमध्ये कापूस वेचायला. कापसाच्या ढिगातून काडीकचरा, किडका, पिवळा पडलेला कापूस बाजूला काढायचा, हे काम. तिथून तिला काढलं कसं, ते ती मोठ्या मजेनं सांगायची. मुकादमानं बायकांना सांगितलं, पिवळा कापूस ढिगाच्या पोटात घाला आणि वरून पांढरा पसरा, व्यापारी बघायला येणार आहे. बाकीच्यांनी घातला. हिनं व्यापारी समोर उभा असताना ढिगात हात घातला आणि पिवळ्याचा बोकणा बाहेर काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. संध्याकाळी घरी. सटवाजी दोन दिवस बोलला नाही. "काय करू सिस्टर," ती म्हणायची, "डोळ्याला दिसलं की माझा हात ऱ्हातच न्हाई."

तिला अक्षर येत नव्हतं, पण घड्याळ कळायचं आणि रक्ताच्या नळ्यांच्या झाकणांचे रंग कळायचे. लाल झाकणाची नळी कोणत्या तपासणीची, जांभळ्याची कोणती, हे नव्या आलेल्या पोरींना तीच शिकवायची. लॅबमधल्या एका मशीनचं नावही तिनंच पाडलेलं, मिठाची मशीन. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम मोजणारी ती मशीन. अंगात मीठ किती आहे ते सांगती, असं मी तिला एकदा समजावलं होतं, तेव्हापासून ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. डॉक्टरसुद्धा चुकून म्हणायचे.

आता ही मशीन आमच्याकडं कशाला लागते, ते सांगायला हवं. ताप एकदम चढला की काही लहान लेकरांना झटके येतात. डोळे फिरतात, हातपाय ताठ होतात, तोंडाला फेस येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक पोरांचं ते दोन-चार मिनिटांत थांबतं. पोर दमून झोपतं आणि उठल्यावर बिस्कीट मागतं. अशा पोराचं रक्त तपासायची गरजसुद्धा नसते. हे मला ठाऊक आहे आणि डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण फाईल जाड दिसली पाहिजे. जाड फाईल बघितली की बापाला वाटतं, लय तपासण्या केल्या, डॉक्टर हुशार हाय. म्हणून झटक्याचं प्रत्येक पोर आलं की छापील कागदावर सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा. ज्याला गरज नाही त्याच्याही दंडात सुई.

लॅब सांभाळायचा मंगेश. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध, बोलायला साखर. कुणाला अरे-तुरे नाही. बायनाबाईलाही "अहो मावशी". सकाळी आल्यावर लॅबच्या भिंतीवरच्या फोटोला उदबत्ती लावल्याशिवाय तो सुईला हात लावत नसे. अशा माणसाबद्दल वाईट बोलायला लोकांची जीभ रेटत नाही, माझी रेटते.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे सगळी अवजारं पुजली. वजनकाटा, वाफेची मशीन, औषधांचा फ्रीज, सलाईनचे स्टँडसुद्धा. मंगेशनं मिठाच्या मशीनला हळदी-कुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. नुसता घातला नाही, घसरू नये म्हणून मशीनच्या पुढच्या झडपेवरून आडवा घेऊन मागं गाठ मारली. ती झडप उघडली की आतून बारीक नळी बाहेर येते आणि रक्त ओढून घेते. झडप उघडल्याशिवाय ती मशीन काहीही मोजत नाही.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी मशीनला लागणारं द्रावण संपलं. नवं मागवायला हवं होतं. मंगेशनं डॉक्टरांना सांगितलं का, डॉक्टरांनी ऐकलं का, ते त्या दोघांना माहीत. उंदराला मांजर साक्ष. पण रिपोर्ट काही थांबले नाहीत. रोज कागद छापून येत होते, सोडियम एकशे सदतीस, एकशे एकोणचाळीस, एकशे छत्तीस. एकच आकडा लागोपाठ दोन पोरांना कधी नाही. खोट्यातसुद्धा मंगेशची कारागिरी होती.

बायनाबाई रोज ती लॅब पुसायची. दिवाळीच्या आत तिनं मंगेशला विचारलं होतं, "हार काढू का? वाळला की."

"राहू द्या मावशी, पूजेचा आहे," तो म्हणाला.

हार राहिला. पाकळ्या गळायच्या, ती रोज झाडून घ्यायची. संक्रांतीपर्यंत नुसता दोरा आणि त्यात अडकलेले वाळके देठ उरले, पण गाठ जशीच्या तशी. आणि रोज लाल झाकणाच्या नळ्या येत होत्या आणि बेसिनमध्ये रिकाम्या होत होत्या. पोरांच्या दंडातून, आयांनी हात घट्ट धरून, रडारड करून काढलेलं रक्त तो माणूस नळाखाली ओतत होता. त्या बेसिनवरचे तांबडे डाग घासायला अर्थातच बायनाबाई.

ती मला म्हणाली होती. संक्रांतीच्या सुमारास भाकरी खाताना म्हणाली, "सिस्टर, त्या मशीनचं तोंड बांधलेलं हाय आन् ती बोलती कशी हो?" मी हसण्यावारी नेलं. मला कळत नव्हतं का? अर्धं कळत होतं. अर्धं कळलेलं पोटात ठेवायला फार सोपं असतं. आणि मी स्वतःची समजूतही घातली होती, की नाहीतरी या तपासण्या गरजेच्या नसतात, मग झाल्या काय नि न झाल्या काय. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

फाल्गुनात एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला रुद्राणी आली. सव्वादोन वर्षांची पोर. बाप शिवरुद्र, त्याचं बाजारात द्रोण-पत्रावळींचं दुकान. आई इतकी घाबरलेली की तिच्या तोंडून शब्द फुटेना. बरोबर आजी बसम्मा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि नातीला कुणाच्या हातात द्यायला तयार नाही. पोरीला एकशे तीन ताप आणि घरी एक झटका येऊन गेलेला.

डॉक्टरांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "तापातला झटका आहे. घाबरायचं नाही." दोन मिनिटांत पुढचं पोर आत. मी पोरीच्या डाव्या हाताला सुई लावली आणि नेहमीचं गोड सलाईन चढवलं. त्यात साखरेचं पाणीच जास्त, मीठ नावाला. रक्त मंगेशकडं गेलं. अर्ध्या तासात रिपोर्ट आला, सोडियम एकशे अडतीस. मी तो फाईलला लावला.

एक वाजता पोरीला दुसरा झटका आला. इंजेक्शन दिलं, थांबला. पण पोरगी उठेना. डोळे अर्धे उघडे, मान लुळी, आईनं हाक मारली तरी बघेना. दुसरी पोरं झटक्यानंतर तासाभरात कुरकुरायला लागतात, ही नुसती पडून होती. दोनला तिसरा झटका.

त्या वेळी बायनाबाई तिची चादर बदलत होती. चादर पाण्यासारख्या पातळ जुलाबानं भिजलेली. तिनं ती हातात धरून बघितली आणि बसम्माला विचारलं, "काय खायलतं लेकरू?"

"काय खाणार माय," बसम्मा म्हणाली. "अंगावर देवी उठली की. आठ दिस झाले, घरात फोडणी न्हाई का मीठ न्हाई. साबुदाण्याचं पाणी आन् उकळून गार केलेलं पाणी, बस. पोट बिघडलं तसं आजून जास्तीचं पाजलं. घंट्याघंट्याला वाटी लावली म्या तोंडाला. झोपले न्हाई मी."

अंगावरचं पुरळ म्हणजे देवी, आणि देवी घरात असली की तिला मीठ-फोडणी खपत नाही, ही आमच्याकडची जुनी समजूत. बसम्मानं ती जिवापाड पाळली. मला तिचा राग येत नाही. तिनं काही लपवलं नाही, विचारणाऱ्याला पहिल्याच दमात सगळं सांगितलं. राग याचा येतो की विचारलं कुणी? झाडणाऱ्या बाईनं. डॉक्टरांनी विचारलं नाही, मी विचारलं नाही. आमच्याकडं छापील कागद होता ना.

बायनाबाई चादर तशीच बादलीत टाकून माझ्याकडं आली.

"सिस्टर, त्या पोरीच्या पोटात आठ दिस मिठाचा खडा गेला न्हाई. वरून पाणीच पाणी. आन् हागवण. सुगीत बैलाला मीठ न्हाई चाटवलं तर बैल मान टाकतो, हे तर लेकरू हाय. तिचं मीठ उतरलंय."

"मावशी, रिपोर्ट नॉर्मल आलाय," मी म्हणाले. "एकशे अडतीस."

तिनं माझं मनगट धरलं. नऊ वर्षांत तिनं मला कधी हात लावला नव्हता. ओढतच लॅबमध्ये नेलं आणि मशीनसमोर उभं केलं. "कोन्त्या तोंडानं बोलली ही? दाव मला."

हातच्या कांकणाला आरसा कशाला. खंडेनवमीचा दोरा झडपेवरून आडवा, मागं गाठ, गाठीवर धूळ, झडपेवरचं कुंकू वाळून पोपडे धरलेलं. पाच महिन्यांत कुणी ते उघडलेलं नव्हतं. शेजारच्या बेसिनमध्ये लाल झाकणाची रिकामी नळी पडली होती आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात 'रुद्राणी' लिहिलेलं होतं.

मंगेश डबा खाऊन हात पुसत आत आला. त्यानं आमच्याकडं बघितलं, दोऱ्याकडं बघितलं, आणि हसला. "अहो मावशी, लहान लेकरांचं मीठ नॉर्मलच असतं. सहा वर्षं बघतोय मी. एकाचंही कधी वेगळं आलं नाही."

तेव्हा बायनाबाईनं पदर नाकाला लावला. त्या खोलीत स्पिरिट आणि उदबत्तीशिवाय कसलाही वास नव्हता.

मी वर डॉक्टरांकडं गेले. ते जेवून लवंडले होते. मी काय म्हणायला हवं होतं? 'सर, मशीन पाच महिने बंद आहे, तुमचे सगळे रिपोर्ट खोटे आहेत.' मी काय म्हणाले? "सर, त्या पोरीचं सोडियम परत एकदा बघू का?"

"आलाय ना रिपोर्ट?"

"हो सर."

"नॉर्मल आहे ना? मग परत काय बघायचंय? मेंदूज्वर असेल. संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर परभणीला पाठवू." आणि त्यांनी कूस बदलली.

संध्याकाळपर्यंत! खाली एक पोरगी मरायला टेकली होती, तिच्या शिरेत मी स्वतः गोड पाणी सोडत होते, अंगातलं उरलंसुरलं मीठ आणखी पातळ करत होते, आणि मी "हो सर" म्हणून जिना उतरले. स्वतःची किळस म्हणजे काय, ते मला त्या जिन्यावर पहिल्यांदा कळलं.

बायनाबाई जिन्याखालीच उभी होती. माझं तोंड बघून तिला कळलं. तिनं विचारलंही नाही.

"रक्त काढ," ती म्हणाली. त्या दिवशी अहो-जाहो राहिलंच नव्हतं. "ज्या हाताला सलाईन हाय त्याचं नको. पायाचं काढ. म्या नेते लिंबाजीकडं."

लिंबाजीची स्टेशन रस्त्याला जुनी लॅब आहे. म्हातारा माणूस, एका खोलीत काम, पाटीसुद्धा पुसट झालेली. मी गोड सलाईनची चकती फिरवून ते थांबवलं आणि पोरीच्या पायातून रक्त काढलं. दवाखान्यातलं रक्त न विचारता बाहेर द्यायचं म्हणजे नोकरी गेली. बायनाबाईनं नळी मुठीत धरली, वरून पदर घेतला आणि भर उन्हात चालायला लागली. तिला धावता येत नव्हतं, गुडघे गेलेले. पण मी खिडकीतून बघत होते, ती जवळजवळ धावतच होती.

ती गेली आणि पोरीला चौथा झटका आला. हा थांबेना. ओठ निळे पडले. मी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, बसम्मा भिंतीला डोकं लावून "महादेवा, महादेवा" करत होती, शिवरुद्र माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं बघत नव्हते. सात-आठ मिनिटांनी झटका थांबला. श्वास चालू होता, पण कसा, ते मला सांगवत नाही.

पाऊण तासानं बायनाबाई आली. लिंबाजीनं तिला स्वतःच्या स्कूटरवर आणून सोडलं होतं. कागद तिनं पदराच्या टोकाला बांधला होता. त्यावर लिहिलं होतं, सोडियम एकशे चौदा. एकशे पस्तीसच्या वर हवं असतं. लिंबाजीला स्वतःला खरं वाटेना म्हणून त्यानं मशीनवर दोनदा लावून बघितलं होतं.

या वेळी मी एकटी वर गेले नाही. बायनाबाई माझ्या पुढं चढली आणि तिनं दाराची कडी इतकी वाजवली की डॉक्टर बनियनवरच बाहेर आले. कागद वाचताना त्यांच्या तोंडावरचा सगळा देवमाणूस उतरला.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"सायेब," बायनाबाई म्हणाली, "आदी लेकरू बघा. मंग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

डॉक्टर खाली आले आणि त्यांनी जे करायचं ते अगदी बरोबर केलं. गोड सलाईन काढून फेकलं, जास्त मिठाचं सलाईन मागवलं, थेंब मोजून सावकाश सोडलं, कारण मीठ एकदम वाढवलं तरी मेंदूला इजा होते. स्वतः पोरीच्या उशाशी बसून राहिले. त्या माणसाला सगळं येत होतं. न येणाऱ्याला माफ करता येतं हो. सगळं येऊन जो बघत नाही, त्याची मला शिसारी येते.

नंतर झटका आला नाही. दिवस मावळायच्या आत पोरीनं डोळे उघडले आणि आईला शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसम्माच्या मांडीवर बसून तिच्या कपाळावरची विभूती बोटानं पुसत होती आणि पुसलेलं बोट बायनाबाईच्या कपाळाला लावत होती. बायनाबाईनं मान खाली करून लावून घेतलं आणि फरशी पुसायला निघून गेली.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती चारचौघांत हसत सांगितली असती.

त्याच सकाळी मी रुद्राणीची फाईल उघडली. त्यात लिंबाजीचा कागद नव्हता. मंगेशचा एकशे अडतीसचाही नव्हता. आमच्या दवाखान्याच्या नावाचा नवा कोरा रिपोर्ट होता, सोडियम एकशे चौदा, वेळ सकाळी साडेअकरा, खाली मंगेशची सही. म्हणजे आमच्याच मशीननं आजार पकडला, वेळेवर पकडला आणि डॉक्टरांनी वेळेवर उपचार केले. लिंबाजीच्या कागदाचे चार तुकडे केराच्या टोपलीत होते. ती टोपली कोण रिकामी करतं? बायनाबाईला वाचता येत नव्हतं, पण कागद तिनं पदरात बांधून आणला होता, त्याच्या घड्या तिनं ओळखल्या. तुकडे हातात घेऊन ती म्हणाली, "पिवळा पोटात घातला, पांढरा वरून."

शनिवारी डॉक्टरांनी तिला बोलावलं. मी बाजूला उभी होते, मुद्दाम उभं केलं होतं. ते अगदी शांतपणे बोलले. "मावशी, तुम्ही रक्ताची नळी हातमोजे न घालता नेली. परवानगी न घेता नेली. संसर्गाचा नियम मोडलात. दवाखान्यात नियम म्हणजे नियम. उद्यापासून येऊ नका." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. चौदा वर्षं ती उघड्या हातांनी तुमची सगळी घाण काढत होती, तेव्हा कुणाला हातमोजे आठवले नाहीत.

हे मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा मी तोंड उघडलं नाही. रक्त मी काढलं होतं, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि त्यांनी ते घेतलं नाही म्हणून मीही बायनाबाईची बाजू घेतली नाही. असा तो न बोलता झालेला सौदा. बायनाबाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि "बरं" म्हणाली. भाकरीचा डबा घेतला, त्याला तो मास्क अजून बांधलेला होता. जाताना लॅबच्या दारात थांबली. "तेवढा हार सोड रे लेका," एवढं मंगेशला म्हणाली आणि गेली.

मंगेशनं तो जुना दोरा त्याच संध्याकाळी कापून टाकला, पुरावा नको म्हणून. द्रावण मात्र मागवलं नाही.

सोमवारी बसम्मा आली. नारळ, पेढे आणि ताज्या झेंडूचा जाडजूड हार. तिनं डॉक्टरांच्या पायावर डोकं ठेवलं. मग पदर सावरून विचारलं, "माझ्या नातीचं मीठ ज्या मशीननं हुडकलं, ती कुठं हाय? तिला हात जोडायचेत."

डॉक्टर क्षणभरही अडखळले नाहीत. स्वतः तिला लॅबमध्ये घेऊन गेले. त्या भोळ्या म्हातारीनं बंद पडलेल्या मशीनसमोर नारळ ठेवला, डोळे मिटले आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. मंगेशनं पेढा तोंडात टाकला. ज्या बाईच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं, ती तेव्हा घरात बसून होती, आणि बसम्माला ते सांगायला माझं एक वाक्य पुरलं असतं.

"सिस्टर, हार घाला," डॉक्टर म्हणाले. "आजींचा हात पोचत नाही."

मी घातला. घसरू नये म्हणून झडपेवरून आडवा घेतला आणि मागं गाठ मारली.

त्यानंतर बायनाबाई मला भेटली ती थेट आश्विनात, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. बाजारात फुलांचे ढीग लागले होते, सगळीकडं झेंडूचा ओला, गोड वास सुटला होता. ती शेपूची जुडी निवडत होती. कुणाच्या तरी घरची धुणीभांडी धरली होती तिनं. वाळली होती, पण मला बघून हसली.

"सिस्टर! ती रुद्राणी पळती का गं आता?"

"पळते. दुकानात बसते बापाजवळ. सगळ्या पत्रावळ्या फाडते."

ती खुदकन हसली. जुडी पिशवीत टाकली. मग आवाज खाली करून म्हणाली, "आन् ती मशीन? चालू हाय न्हवं आता? झटक्याची लेकरं येतच असतील की."

येत होती. आदल्या दिवशीच एक आलं होतं. त्याचं सोडियम एकशे सदतीस.

"चालू आहे," मी म्हणाले.

"माज्याकडं बघून सांग."

मी माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. तिचंही लक्ष माझ्या पिशवीकडं गेलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी आणायला सांगितलेले सात हार होते तिच्यात. बायनाबाईनं ते हार बघितले, मग मला बघितलं. खांद्यावरचा पदर ओढला, नाकाला लावला, आणि त्या फुलांच्या वासातून वाट काढत निघून गेली.